पोकळीचे पैसे

भुजंगला कुणी 'गुत्तेदार' म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडायची. आता आपल्याकडं घर बांधायचं काम अंगावर घेणाऱ्याला गुत्तेदार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पालमच्या बसस्टँडवर उतरा आणि विचारा, "भुजंग बिल्डरचं ऑफिस कुठं आलं हो?" रसवंतीवाला आधी तुमच्याकडं बघेल, मग शेजारच्या पानटपरीवाल्याकडं, आणि मग दोघं मिळून उलट तुम्हालाच विचारतील, "गुत्तेदार का? बजरंग मिस्त्रीचं पोरगं?"

ही बेइज्जती संपवायला त्यानं पाटी केली होती. आठ फूट बाय तीन. 'ताडकळसकर बिल्डर्स अँड डेव्हलपर्स'. खाली हाताची घडी घातलेला भुजंग आणि त्याच्या डोक्यामागं पंधरा मजली इमारत. ती इमारत कुठल्या देशातली, हे भुजंगलाही ठाऊक नव्हतं. ती फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात होती. भुजंगनं स्वतः उभारलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे एका मास्तरांच्या गच्चीवरचा टाकीचा कट्टा. तोही एका बाजूला कललेला. मास्तर पाहुण्यांना सांगायचे, "टाकी नमस्कार करायलीय."

बाप मात्र खराखुरा कारागीर. बजरंग मिस्त्री ताडकळसचा. पाच वर्षांखाली गेला, पण ताडकळसपासून पालमपर्यंतच्या जुन्या घरांमध्ये अजून त्याची भिंत ओळखणारे लोक आहेत. त्याचा एक दस्तूर होता. काम गुत्त्यानं घेतलं, म्हणजे रोजानं न घेता चौरस फुटावर ठरवलं, की भिंत मोजताना टेप या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग लावायचा. मध्ये दार येवो, खिडकी येवो, एक इंच वजा करायचा नाही. कुणीतरी शहाणा घरमालक हटकायचाच.

"मिस्त्री, इथं तर खिडकी हाय. इथं कुठं तू वीट लावलीस?"

बजरंग थापी खाली ठेवायचा. हात पुसायचा. घाई नाही.

"मालक, भिंत काय, कुणीबी रचतंय. भिंत कुठं सोडायची याला अक्कल लागती. दोन्ही बाजू ओळंब्यात सरळ उभ्या, कोपरे काटकोनात, वरचा माथा पाणसळीत आडवा. चौकट सुतार आणतो, पण ती बसती माझ्या पोकळीत. मजुरी मी पोकळीची घेतो. भिंत तुमाला तशीच देतो."

मालक पैसे पूर्ण मोजायचा.

बजरंगच्या हाताखाली दोघं शिकले. एक त्याचा पोरगा भुजंग आणि दुसरा वैजीनाथ, भुजंगपेक्षा सहा वर्षांनी मोठा. भुजंग त्याला 'दादा' म्हणायचा. वैजीनाथची भिंत सुतासारखी सरळ यायची. भुजंगची पोटुशी निघायची. बजरंगनं पोराच्या हातातली थापी काढून घेतली आणि म्हणाला, "तू माणसं आणत जा. माल आणत जा. भिंतीला हात लावू नको." अशा रीतीनं भुजंग गुत्तेदार झाला. ज्याला स्वतःला काही जमत नाही, त्याच्या हाती जमणाऱ्यांचा पगार देतात, ही तर आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. गंगाखेड रोडला रंगनाथशेठचा मोकळा प्लॉट होता. रंगनाथशेठ म्हणजे आडतवाले, चार तालुक्यांतला कापूस-सोयाबीन ज्यांच्या काट्यावरून जातो ते. त्या प्लॉटवर त्यांना बारा दुकानांचं कॉम्प्लेक्स काढायचं होतं. बारा दुकानं! भुजंगला ती झोपेत दिसायची, शटरसकट. ते काम मिळालं तर पाटीवरच्या पंधरा मजल्यांपैकी एक तरी मजला खरा होणार होता. पालममध्ये घरकुलं बांधणारे गुत्तेदार पैशाला पासरी. पण रोडवरचं कॉम्प्लेक्स बांधणारा म्हणजे बिल्डर. भुजंगनं शेठच्या आडतीवर वर्षभर चकरा मारल्या. शेवटी शेठ वैतागून म्हणाले, "आमच्या साडूचं घर तुमच्याकडंच हाय न्हवं? त्याच्या चौकटीच्या पूजेला येतो मी. काम बघतो. मग बोलू."

साडू म्हणजे दत्तराव. एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच रिटायर झाले. तीस बाय पंचवीसचं घर, तीन खोल्या. चौकटीचा मुहूर्त काढला गुरुवारचा, सकाळी आठ चाळीस ते नऊ पाच. मुहूर्त काढून दत्तराव आणि त्यांची बायको पुण्याला लेकीकडं गेले. जाताना दत्तराव म्हणाले, "भुजंगराव, बुधवारी येतो. घराला घराचं रूप येऊ द्या."

"मामा, बगतच राहशाल," भुजंग म्हणाला. हे त्याचं भाकीत तेवढं खरं ठरलं.

पण त्याआधी नांदेडची शिबिर-भानगड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

नांदेडच्या एका हॉटेलच्या हॉलात 'नफा वाढवा' नावाचं शिबिर होतं. फी अकरा हजार, जेवण धरून. शिकवणारे हरिओम सर. सर स्टेजवर चालत नसत, धावत. कानाजवळ माइक, अंगात कोट, बाहेर बेचाळीस अंश. समोर दीडशे माणसं: कृषी केंद्रवाले, मंगल कार्यालयवाले, टाइल्सवाले, आणि तिसऱ्या रांगेत वही उघडून बसलेला भुजंग.

"मला सांगा, तुमच्या धंद्यात हवा किती आहे?" सर ओरडले.

सर स्टेजच्या दुसऱ्या टोकाला धावले.

"वेफर्सचं पाकीट बघता ना? अर्धं पाकीट हवा! गिऱ्हाईक हवेचे पैसे देतं. कंपनी श्रीमंत होते. आणि तुम्ही? तुम्हीच दुसऱ्याला हवेचे पैसे देत बसलात! उद्यापासून काय करायचं?"

"हवेला पैसे द्यायचे नाहीत!" दीडशे माणसं.

"जोरात!"

"हवेला पैसे द्यायचे नाहीत!"

भुजंगनं वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ वाकडी आली, पण त्याच्या हातून सरळ काय आलं होतं?

लोह्याच्या रस्त्यानं परत येताना त्याला आयुष्यात पहिल्यांदा खिडक्या दिसल्या. घराघराला खिडक्या. दारं. झरोके. आणि त्या प्रत्येकाचे पैसे कुण्या गाढवानं मिस्त्रीला दिलेले. त्या गाढवांतलं एक आपणही, हेही त्याला कळलं. दत्तरावच्या घराची दारं-खिडक्या त्यानं गाडीतच बोटांवर मोजली. जवळजवळ एकशेनव्वद फूट. एकशेनव्वद फूट नुसती हवा!

दुसऱ्या दिवशी तो साइटवर हजर. पाया भरून जोतं झालं होतं, भिंती सुरू व्हायच्या होत्या. वैजीनाथ दोरी ताणत होता. त्याची बायको कडूबाई वाळू चाळत होती. कडूबाईच्या हाताला चाळणी आणि तोंडाला धार, दोन्ही एकाच वेळी चालतात. भुजंगचा मेहुणा रविकांत मोटारसायकलवर बसून मोबाइल बघत होता. तो सुपरवायझर होता.

"वैजीनाथ, इकडं ये," भुजंग म्हणाला. 'दादा' नांदेडच्या हॉलातच कुठंतरी पडलं होतं. "आजपासून नवीन सिस्टीम."

"काय करायचं?"

"पोकळी वजा. जेवढी भिंत, तेवढे पैसे. दाराला न्हाई, खिडकीला न्हाई."

"कामून?"

"कामून म्हंजे? तिथं वीट हाय का?"

"न्हाई."

"सिमेंट हाय?"

"न्हाई."

"मग काय हाय तिथं?"

"दार हाय की."

"हवा हाय, हवा! आन् मी हवेला पैसे देत न्हाई."

कडूबाईची चाळणी थांबली. "मग घरात पंखा कशाला फिरवताव, मालक? हवेचंच बिल भरताव की दर महिन्याला."

रविकांत खुदकन हसला. भुजंगनं बघितल्यावर त्यानं ते हसू खोकल्यात बसवलं.

वैजीनाथ हसला नाही. त्यानं दोरी खुंटीला गुंडाळली. "भुजंगराव, एका दाराच्या बाजू ओळंब्यात आणायला माझा अर्धा दिस जातोय. तेवढ्यात मी सरळ भिंत किती रचतो, तुमाला ठावं हाय. बजरंगबाबाचा दस्तूर..."

"बाबानं जन्मभर दस्तूर पाळला आन् पत्र्याखाली मेला."

बापाबद्दल असं बोलून माणूस थोडा तरी थांबतो. भुजंग थांबला नाही. त्यानं पिशवीतून एक छोटा फ्लेक्स काढला आणि रविकांतकडून लिंबाच्या झाडाला टांगून घेतला. लाल अक्षरात: 'हवेला पैसे नाहीत'. कोपऱ्यात पुन्हा हाताची घडी घातलेला भुजंग.

वैजीनाथनं फ्लेक्स वाचला. हळू वाचला, ओठ हलवत. मग म्हणाला, "एक इचारू का? मग पोकळी ठेवायची का न्हाई ठेवायची?"

तेवढ्यात भुजंगचा फोन वाजला. हरिओम सरांच्या ऑफिसातून होता; लेव्हल टूची फी भरणार का, विचारत होते. भुजंगनं फोन कानाला लावला आणि मोकळा हात वैजीनाथकडं असा उडवला, जसं माशी हाकलावी.

"माज्यापुढं पोकळीचं नावच काढू नको! मला भिंत पाहिजे, भिंत! भिंत वाढव!... हां, बोला मॅडम."

वैजीनाथनं कडूबाईकडं बघितलं. "ऐकलंस का गं?"

"आख्ख्या पालमनं ऐकलं."

"रविकांतराव, तुमी?"

"मी पण," रविकांत म्हणाला. त्याला वाटलं हजेरी घ्यायलेत.

त्यानंतर भुजंग साइटवर फिरकला नाही. हरिओम सरांनी शिकवलं होतं, मालक साइटवर गेला की मालकाचा मुकादम होतो. धंदा सिस्टीमनं चालला पाहिजे. सिस्टीम म्हणजे रविकांत. त्याला एक छापील फॉर्म दिला होता. रोज संध्याकाळी भिंतीला टेप लावायचा, आज किती फूट भिंत झाली तो आकडा लिहायचा आणि भुजंगला पाठवायचा. बस. फॉर्मात एकच रकाना होता.

पहिल्या दिवशी आकडा आला: एकशे पंचावन्न. भुजंग खुर्चीत सरळ बसला. एरवी त्याच जोडीचं काम एकशे दहाच्या वर जात नसे. दुसऱ्या दिवशी एकशे साठ. तिसऱ्या दिवशी एकशे पासष्ट. तो आनंदात नांदेडला लेव्हल टूला गेला. हॉटेलात बसून आकडे घेत राहिला. इमारत कशी दिसतेय, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आकडा दिसत असताना इमारत कशाला बघायची?

शेवटच्या दिवशी त्याला स्टेजवर बोलावलं गेलं.

"नाव?"

"भुजंग ताडकळसकर, बिल्डर."

"आधी रोजचं काम किती?"

"एकशे दहा फूट."

"आणि आता?"

"एकशे साठ, सर."

"माणसं वाढवली?"

"न्हाई सर. त्येच."

"मजुरी वाढवली?"

"उलट कमी केली, सर!"

हॉल उभा राहिला. शिट्ट्या. मागच्या रांगेतल्या मंगल कार्यालयवाल्यानं तर फेटा उडवला. हरिओम सरांनी भुजंगच्या गळ्यात पिवळं मेडल घातलं. त्यावर लिहिलं होतं: 'नफावीर'. भुजंगला रडू आलं. त्या दीडशे जणांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तीच माणसं, तेच हात, मजुरी कमी, मग काम वाढलं कुठून? शहाण्या माणसाला हाच प्रश्न सगळ्यात आधी पडतो. म्हणून शहाणी माणसं असल्या हॉलात सापडत नाहीत.

गुरुवार उजाडला.

भुजंग पांढरे कपडे घालून, गळ्यात मेडल अडकवून थेट रंगनाथशेठच्या दारात गेला. "शेठ, सोबतच जाऊ." शेठनी मेडल वाचलं आणि गाडीत बसले. त्यांच्या हातात गुंडाळलेला नकाशा होता. बारा दुकानांचा. भुजंगची नजर वाटभर त्या गुंडाळीवर होती.

साइटवर दत्तराव आणि त्यांची बायको आधीच उभे. बुधवारी एसटी उशिरा पोचली, म्हणून ते रात्री परस्पर घरी गेले आणि सकाळी पहिल्यांदाच इकडं आले. गुरुजी आलेले. सुतार टेम्पोतून चौकट घेऊन आलेला: सागवानी, पॉलिश केलेली, वर कोरलेला गणपती. हळद-कुंकू, नारळ, आंब्याचे डहाळे, पेढे. सगळं जिथल्या तिथं.

आणि समोर घर.

घर म्हणजे डबा. चारी बाजूंनी सात फूट भिंत. सरळ, सलग, सुतासारखी. एक भोक नाही. काडेपेटीला तरी एक बाजू उघडते.

दत्तराव निघाले, घराला एक प्रदक्षिणा घातली, आणि जिथून निघाले तिथं येऊन उभे राहिले.

"भुजंगराव, घर पाठमोरं हाय का?"

"आँ? न्हाई... मागच्या अंगानं बगितलं का?"

"मागूनच आलो की."

तेवढ्यात घरातून आवाज आला. "म्यॅऽऽ."

गुरुजी दोन पावलं मागं सरकले. शेजारच्या कुडाच्या घरातून भिवराबाई आली. तिची दहा-बारा शेरडं. ती चारून तिचं पोट चालतं. हातात सुबाभळीचा पाला होता. तो तिनं भिंतीवरून आत फेकला आणि मग सगळ्यांकडं वळली.

"ह्या घराचा मालक कोन?"

"मी," दत्तराव म्हणाले, पण खात्री नसल्यासारखे.

"माजं करडू काल सांजच्यापास्नं आत हाय. वाळूच्या ढिगावर चढलं, भिंतीवर गेलं आन् पडलं आत. रातभर वरडायलंय. दार कुठं हाय तेवढं सांगा, मी माजं घेऊन जाते."

दार कुठं आहे, हा प्रश्न ऐकून सगळ्यांनी भुजंगकडं बघितलं. भुजंगनं रविकांतकडं.

"रव्या! दार कुठं हाय?"

"दाजी, तुमी भिंतीचे फूट इचारले. दाराचा रकानाच न्हाई फॉर्मात."

"आरं, पण तुला दिसलं न्हाई का?"

"दिसलं की."

"मग?"

"मला वाटलं, नवीन सिस्टीम हाय."

रंगनाथशेठनी तोंडावर रुमाल धरला.

वैजीनाथ आणि कडूबाई आले ते या वेळी. वैजीनाथनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. चौकट बसते त्या दिवशी मिस्त्रीला टॉवेल-टोपी मिळते, तो मान घ्यायला माणूस मळक्या कपड्यात येत नाही. भुजंग त्याच्या अंगावरच गेला.

"हे काय केलंस तू?"

"भिंत."

"दार कुठं हाय?"

"दाराला पैसे न्हाईत म्हनलाव."

"म्हणून दारच ठेवलं न्हाई?"

"इचारलं होतं मी. पोकळी ठेवायची का न्हाई? तुमी म्हनलाव, नावच काढू नको. भिंत वाढव." वैजीनाथचा आवाज चढला नाही. "टेप लावून बगा. अकराशे वीस फूट भरतंय. बाबाच्या दस्तुरानं मोजलं असतं तरी तेवढंच भरलं असतं. एक फूट वर न्हाई. फरक एवढाच, त्या दस्तुरात तुमाला दारं-खिडक्याबी मिळत व्हत्या."

"फुकट," कडूबाई म्हणाली.

"आन् यात सोळाशे विटा जास्तीच्या गेल्या. त्या तुमच्या." वैजीनाथनं घाम पुसला. "माजं नुकसान न्हाई. तुमचं किती वाचलं, ते तुमी बगा."

गुरुजींनी घड्याळ पुढं केलं. "आठ बेचाळीस. मुहूर्त लागला. तेवीस मिनिटं आहेत. दार असो-नसो, मुहूर्त थांबत नाही."

"फोड!" भुजंग ओरडला. "आत्ता फोड!"

"फोडायचा भाव काय?"

"फोडायचा कसला भाव?"

"फोडल्यावर तिथं काय उरंल?"

लिंबाला टांगलेला फ्लेक्स वाऱ्यानं फडफडला. कडूबाईनं नुसती हनुवटी तिकडं उचलली. सुतारानं अक्षरं मोठ्यानं वाचली, "हवेला... पैसे... नाहीत." सुतार अलीकडंच वाचायला शिकला असावा इतक्या आनंदानं वाचली.

"म्यॅऽऽ," आतून.

"त्या मुक्या जनावराला तरी कळायलंय," भिवराबाई म्हणाली.

दत्तरावची बायको ताट घेऊन पुढं आली. "भुजंगराव, आम्ही पस्तीस वर्षं भाड्याच्या घरात काढली. भाड्याच्या घराला पण दार असतंय हो."

भुजंगनं शेठकडं बघितलं. शेठ नकाशाची गुंडाळी मांडीवर हळूहळू आपटत होते. मग त्या नफावीरानं मेडल शर्टाच्या आत ढकललं आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"वैजीनाथदादा..."

कडूबाई लगेच वळली. "काय म्हनलाव? जरा जोरात. सिस्टीममधी नवीन शब्द आला वाटतं."

"दादा, इज्जतीचा सवाल हाय. काय पाहिजे ते बोल."

"पैशाचं मागून," वैजीनाथ म्हणाला. "आदी तो फ्लेक्स उतरवा. तुमच्या हातानं. मग हा टेप धरा. ह्या कोपऱ्यापसून त्या कोपऱ्यापस्तोर. सलग. बाबा धरायचा तसा."

भुजंग झाडापाशी गेला. गाठ रविकांतनं मारलेली, म्हणजे सुटणारी नव्हती. दातांनी तोडावी लागली. मग त्यानं टेपचं एक टोक धरलं आणि पांढऱ्या कपड्यात, वाळूच्या ढिगातून, सिमेंटच्या चिखलातून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मध्ये कुठं थांबला नाही. थांबायला मध्ये काही नव्हतंच.

वैजीनाथनं भिंतीवर खडूनं दार काढलं. मग छन्नी लावली. ओला असला तरी त्याचाच मसाला होता, सहज सुटेना. नऊ वाजले तेव्हा गुडघ्याएवढं भगदाड पडलं होतं, आणि मुहूर्ताची पाच मिनिटं उरली होती.

"पुरे," गुरुजी म्हणाले. "उंबऱ्यापुरती वाट झाली. चौकट लावा."

चौकट बसवायला जागा नव्हती, म्हणून ती भिंतीला टेकवून उभी केली, एखादी फोटोफ्रेम टेकवावी तशी. सागवानी चौकट, वर गणपती, आणि चौकटीच्या आत सरळ, सुंदर, सलग विटांची भिंत. गुरुजींनी मंत्र सुरू केले. दत्तरावच्या बायकोनं हळद-कुंकू लावलं. सगळ्यांनी हात जोडले. अक्षता उडाल्या आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या भगदाडातून करडू बाहेर आलं. त्यानं मंडळींकडं एकदा बघितलं, चौकटीला बांधलेला आंब्याचा डहाळा तोडला आणि तोंडात धरून भिवराबाईकडं चालू लागलं.

"पहिला मान माज्या करडाचा," भिवराबाई म्हणाली आणि त्याला उचलून काखेत घेतलं.

शेवटी रंगनाथशेठ हसले. हसून डोळे पुसले. मग पेढा खाल्ला, हात झटकले, आणि गाडीकडं निघाले. भुजंग मागं धावला.

"शेठ, हे एक चुकून झालं. कॉम्प्लेक्सचं आपलं..."

शेठ थांबले. ते काही देवमाणूस नव्हेत. पोत्यामागं पाव किलो कसं सुटतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. म्हणूनच त्यांचं बोलणं भुजंगला जास्त लागलं.

"भुजंगराव, दुकानाला पुढून काय असतंय?"

"शटर, शेठ."

"आन् शटर वर केल्यावर?"

उत्तर शेठनीच दिलं.

"दहा फूट हवा. बारा दुकानं, बारा शटरं, एकशे वीस फूट हवा. मागं बारा खिडक्या. जिना तर नुसती हवाच. तुमाला परवडायचं न्हाई. मला बी. तुमी बारा डबे बांधशाल आन् मला गिऱ्हाईक शिडी लावून आत सोडावं लागंल." ते वैजीनाथकडं वळले. "मिस्त्री, तुमचा भाव काय?"

"फुटाला जो चालतो तोच. पण पोकळी धरून."

"म्हंजे माज्याच हवेचे पैसे मीच देऊ?" शेठनी तेवढ्यातही टोचून बघितलं.

"शेठ, तुमचं गिऱ्हाईक भिंतीतून येणार हाय का पोकळीतून?"

शेठनी नकाशाची गुंडाळी त्याच्या हातात दिली. "सांजच्याला आडतीवर या. हिला पण आणा," कडूबाईकडं बोट दाखवून म्हणाले, "बोलणी हीच करंल, दिसतंय मला."

दत्तरावनी वैजीनाथला टॉवेल-टोपी दिली. भाव ठरवून, टेप दोन्ही कोपऱ्यांना लावून, बाकीची दारं-खिडक्या फोडायचं काम त्याच दिवशी सुरू झालं. ते पैसे भुजंगच्या खिशातून गेले. पोकळीचे साडेसहा हजार वाचवायला निघालेल्या माणसाचं सोळाशे विटा, आठवडाभराची फोडाफोड आणि बारा दुकानं एवढं गेलं.

भुजंग साइटवर थांबला नाही. ऑफिसात येऊन पंधरा मजली इमारतीखाली बसला आणि त्यानं फोन लावला.

"हरिओम सर, भिंत वाढली, पण काम गेलं."

सरांचा सूर जराही हलला नाही. "भुजंगजी, हीच गोष्ट तर आपण लेव्हल थ्रीमध्ये घेतो. 'अपयशातून नफा'."

खरं म्हणजे इथं कुणीही फोन ठेवला असता.

"फी किती, सर?" भुजंगनं विचारलं.

गंगाखेड रोडला आता बारा शटरं उभी आहेत. पालमच्या बसस्टँडवर उतरून 'गुत्तेदार कुठं भेटतील' असं विचारलंत, तर रसवंतीवाला हातातला ऊस न थांबवता सांगतो, "वैजीनाथ मिस्त्री का? कॉम्प्लेक्सवर असतील बगा." म्हणजे भुजंगच्या मनासारखं झालं. त्याला आता कुणी गुत्तेदार म्हणत नाही.